लिनक्स अपग्रेड करताय? आधी डिस्कचे भाग नीट लावून घ्या

लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये एका पडद्यावर नव्या माणसाचा हात हमखास थबकतो. डिस्कची आडवी पट्टी, तिचे रंगीत तुकडे, खाली एसडीए१, एसडीए२ अशी नावं, आणि प्रत्येकासमोर ‘फॉरमॅट करायचं का’ विचारणारा छोटा चौकोन. तोवर सगळं ‘पुढे, पुढे’ दाबत निभावलेलं असतं. इथे मात्र चुकीच्या चौकोनात टिक पडली तर पाच वर्षांचे फोटो एका सेकंदात जातात.

या पडद्यावर अडखळायचं नसेल तर खरं काम त्याच्या आधी करायला हवं, त्याबद्दल हा लेख आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. डिस्कची विभागणी आजच्या अपग्रेडसाठी करू नका, पुढच्या अपग्रेडसाठी करा. दर काही वर्षांनी बदलणारी सिस्टिम एकीकडे, कधीच न बदलणारा तुमचा डेटा दुसरीकडे, आणि जमलं तर नव्या सिस्टिमसाठी एक रिकामी जागा राखलेली. एवढं एकदा करून ठेवलं की पुढची अपग्रेड निवांत होतात.

एक सूचना: आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं म्हटलं आहे.

जागच्या जागी की नव्याने?

अपग्रेडचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींत पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या भागांचं, काम वेगळं असतं.

पहिला मार्ग म्हणजे चालू सिस्टिमच वर नेणं. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येते आणि आधीच्या एलटीएसवाल्यांना साधारणपणे तिचा पहिला दुरुस्ती-अंक आल्यावर अपग्रेडचा निरोप दिसतो. डेबियनमध्ये पॅकेजच्या यादीतलं आवृत्तीचं नाव बदलून अपग्रेड चालवतात. मधली आवृत्ती गाळून थेट उडी मारायला तिथे मुभा नाही. या मार्गात पार्टिशन आहेत तशीच राहतात, फक्त त्यांत पुरेशी जागा हवी.

दुसरा मार्ग नव्याने इन्स्टॉल करण्याचा: जुना रूट (सिस्टिम असलेलं पार्टिशन) पुसायचा किंवा बाजूला ठेवायचा, नवी सिस्टिम घालायची आणि डेटा तिला जोडून द्यायचा. सिस्टिममध्ये फार उचापती केल्या असतील, इकडून तिकडून पॅकेजं आणून घातली असतील, तर हाच मार्ग स्वच्छ. इथे मात्र विभागणी चांगली नसेल तर पदोपदी अडतं.

आत्ता काय आहे ते कागदावर उतरवा

खऱ्या कागदावर. स्क्रीनशॉट त्याच मशीनमध्ये राहतो आणि नेमकं तेच मशीन सुरू होत नसतं.

टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा. सगळ्या डिस्क, त्यांची पार्टिशन, फाइल सिस्टिमचा प्रकार, लेबल, यूयूआयडी (प्रत्येक पार्टिशनचा स्वतःचा क्रमांक) आणि ते कुठे माउंट झालंय, म्हणजे कुठल्या फोल्डरला जोडलंय, ते झाडासारखं दिसतं. सॅटा डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी, तर एनव्हीएमई डिस्कची नावं एनव्हीएमई०एन१पी१ अशी लांबलचक असतात. त्यातला ‘पी१’ म्हणजे पहिलं पार्टिशन. मग ‘डीएफ -एच’ चालवून कुठे किती जागा उरली आहे ते लिहा.

ही एसडीए-एसडीबी नावं कायमची नसतात. लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेन ड्राइव्हवरून) मशीन सुरू केलं की काल जी डिस्क एसडीए होती ती आज एसडीबी असू शकते. म्हणून प्रत्येक पार्टिशनला लेबल द्या: ‘जुना-रूट’, ‘डेटा’, असं काहीही, रोमन अक्षरांत आणि छोटंसं (ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचं लेबल १६ अक्षरांत बसावं लागतं). जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनात उजवी क्लिक करून लेबल देता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. एकाच आकाराच्या दोन डिस्क असतील तर हे लेबलच तुम्हाला वाचवेल.

आकड्यांत अजून एक गोंधळ होतो. खोक्यावर ५०० जीबी लिहिलेली डिस्क लिनक्समध्ये साधारण ४६५ दिसते. काही चोरीला गेलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि ही साधनं १०२४ च्या.

शेवटी डिस्कवर पार्टिशन टेबल (भागांची नोंद ठेवणारा तक्ता) कुठलं आहे ते पाहा. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन होतात आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरला साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. जीपीटीत डीफॉल्टनेच १२८ पार्टिशनांची सोय असते. मशीन यूईएफआयवर (मशीन सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर) चालत असेल तर बहुधा जीपीटीच असेल. चालू डिस्क एमबीआरवरून जीपीटीवर नेण्याचा खटाटोप अपग्रेडच्या दिवशी करू नका.

बॅकअप, आणि तो उघडून पाहणं

बॅकअप त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या पार्टिशनवर घेतला तर तो बॅकअप नव्हे. बाहेरची डिस्क लावा. लिनक्सच्या फाइलींचे मालक आणि परवानग्या जपायच्या असतील तर ती डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केलेली हवी. पेन ड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट किंवा एक्सफॅटला मालकी-परवानग्या कळतच नाहीत.

नवखे लोक होम फोल्डर कॉपी करतात आणि निर्धास्त होतात. पण बरंच काही होमच्या बाहेर राहतं. मायएसक्यूएलचा डेटाबेस /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्ये असतो, डॉकरच्या इमेजेस आणि व्हॉल्यूम /व्हार/लिब/डॉकरमध्ये, ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनची वेळापत्रकं /व्हार/स्पूल/क्रॉनमध्ये. हाताने बदललेल्या सेटिंग /इटीसीमध्ये, स्वतः बसवलेले प्रोग्राम /ऑप्ट किंवा /यूएसआर/लोकलमध्ये. रूट फॉरमॅट केला की हे सगळं जातं. /इटीसी तर अख्खं उचलून ठेवा, जागा नगण्य लागते. चालू डेटाबेसच्या फाइली मात्र नुसत्या कॉपी करू नका. आधी त्याचा डंप (सगळा डेटा वेगळ्या फाइलीत उतरवून) काढा.

आणि होममधल्या लपलेल्या फाइली विसरू नका. टिंबाने सुरू होणारी फोल्डरं फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाहीत. कंट्रोल आणि एच दाबलं की बहुतेक ठिकाणी दिसतात. ब्राउझरचे बुकमार्क, एसएसएचच्या किल्ल्या, मेल, सगळं त्यांतच असतं.

बॅकअप झाला की बाहेरची डिस्क काढा, परत लावा आणि त्यातल्या चार-पाच फाइली उघडून बघा. एखादा फोटो, एखादी मोठी व्हिडिओ फाइल, एखादं झिप. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कुठलं पार्टिशन कशासाठी

ईएफआय पार्टिशन: छोटं, फॅट३२ मधलं. मशीन सुरू होताना फर्मवेअर इथे बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) शोधतं. विंडोजही शेजारी असेल तर दोघांचं हे पार्टिशन सहसा एकच असतं, म्हणून ते कधीही फॉरमॅट करायचं नाही. विंडोजने केलेलं हे पार्टिशन अनेकदा १०० एमबीचंच असतं. ग्रब या लिनक्सच्या नेहमीच्या बूटलोडरला तेवढं पुरतं. पण पॉप ओएससारख्या काही सिस्टिम कर्नलही (सिस्टिमचा गाभा) इथेच ठेवतात, त्यांना ते अपुरं पडतं. नव्याने करत असाल तर ५१२ एमबी ते १ जीबी द्या.

/बूट: कर्नल आणि त्याची सुरुवातीची इमेज. घरच्या साध्या मशीनवर हे वेगळं लागत नाही, रूटच्या पोटातच असतं. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर मात्र बहुधा वेगळं असतं.

रूट, म्हणजे नुसती तिरपी रेघ: सिस्टिम आणि प्रोग्राम. उबुंटू डेस्कटॉपसाठी २५ जीबी सुचवलेले असतात. मी ५० च्या खाली जात नाही, कारण फ्लॅटपॅक आणि स्नॅप या दोन्ही प्रकारचे प्रोग्राम रूटमध्येच बसतात आणि हळूहळू फुगतात.

/होम: तुमचं सामान.

स्वॅप: रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. यासाठी वेगळं पार्टिशन असलंच पाहिजे असं आता नाही. उबुंटू १७.०४ पासून डीफॉल्टने स्वॅप फाइल वापरते. मशीन हायबरनेट करायचं असेल तरच रॅमएवढ्या स्वॅपचा विचार करा.

फाइल सिस्टिमबद्दल नवख्याला माझा सल्ला साधा आहे: ईएक्सटी४. एक्सएफएस उत्तम आहे, पण तिचा आकार फक्त वाढवता येतो, कमी करता येत नाही. पुढे कधी तुकडा काढायचा झाला तर अडाल. बीटीआरएफएसची गोष्ट निराळी. फेडोरा डेस्कटॉपमध्ये २०२० सालच्या ३३ व्या आवृत्तीपासून तीच डीफॉल्ट आहे. तिच्यात रूट आणि होम ही एकाच पार्टिशनमधली सबव्हॉल्यूम असतात आणि जागा दोघांत सामायिक राहते, त्यामुळे ‘होमला किती, रूटला किती’ हा प्रश्नच उरत नाही. तुमच्याकडे ती आधीच असेल तर होमसाठी वेगळं पार्टिशन काढू नका. नव्याने इन्स्टॉल करताना जुनं होम सबव्हॉल्यूम तसंच ठेवून फक्त रूटचं नवं करता येतं.

जागच्या जागी नेणार असाल तर

हा भाग थोडक्यात उरकतो, कारण यात दोनच जागा तपासायच्या असतात. पण त्यातली एक भल्याभल्यांना नडते.

रूटमध्ये निदान १० जीबी मोकळे असू द्या. नसतील तर आधी झाडलोट: ‘सुडो एपीटी क्लीन’ने डाउनलोड होऊन पडलेली पॅकेजं जातात, ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ने अनाथ पॅकेजं. सिस्टिमच्या नोंदीही काही जीबी अडवून बसलेल्या असतात. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ (शेवटचा एम मोठा) चालवलं की जुन्या नोंदी छाटल्या जातात.

नडते ती दुसरी जागा, वेगळं असलेलं /बूट. काही वर्षांपूर्वी इन्स्टॉलर ते २५०-५०० एमबीचंच करायचे. दरम्यान कर्नल आणि फर्मवेअर फुगत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या अधिकृत सूचनांत तर अपग्रेडआधी /बूट निदान ७६८ एमबीचं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळं असावं असं स्पष्ट म्हटलंय. अर्ध्या अपग्रेडमध्ये /बूट भरलं तर नवा कर्नल अर्धवट लिहिला जातो आणि पुढची बूट अडकते.

/बूट भरलेलं दिसलं तर तिथल्या फाइली हाताने पुसू नका. पॅकेज व्यवस्थेला त्या आहेतच असं वाटत राहतं आणि गुंता वाढतो. ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल कुठला ते पाहा, तो आणि त्याच्या आधीचा एक ठेवून बाकीचे पॅकेज मॅनेजरमधूनच काढा. एवढं करूनही जागा होत नसेल तर पार्टिशनचा आकार बदलणं किंवा नव्याने इन्स्टॉल करणं, हेच दोन पर्याय उरतात.

आकार बदलताना उजवी बाजू धरा

जीपार्टेड असलेल्या लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करा. ईएक्सटी४ चालू असताना मोठं करता येतं, पण लहान करायला ते अनमाउंट असावं लागतं. चालू रूट आत बसून लहान करता येणार नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवा.

आता जीपार्टेडमधली ती आडवी पट्टी पाहा. पार्टिशनची उजवी कड आत सरकवली की फक्त शेवटच्या भागातला डेटा आत ओढला जातो. काम तुलनेने लवकर होतं. डावी कड सरकवली तर पार्टिशनची सुरुवातच हलते आणि आतला सगळा डेटा पुढे-मागे वाहून न्यावा लागतो. काही शे जीबी असतील तर त्यात तास जातात, आणि मध्येच वीज गेली तर सगळं गेलं. त्यामुळे जागा काढायची ती उजवीकडून.

यावरून विभागणीचा क्रमही ठरतो. डावीकडून ईएफआय, मग पहिला रूट, मग दुसऱ्या रूटची जागा, आणि सगळ्यात शेवटी डेटा. रूट आणि होम चिकटून असतील आणि रूट वाढवायचा झाला तर होमची डावी कड हलवावी लागते, म्हणजे नेमकं तेच अवघड काम.

दोन छोट्या गोष्टी. पार्टिशनवर किल्लीचं चिन्ह दिसलं तर ते वापरात आहे. अनेकदा लाइव्ह यूएसबीनेच डिस्कवरचा स्वॅप चालू केलेला असतो. उजवी क्लिक करून ‘स्वॅपऑफ’ करा. आणि विंडोजचं पार्टिशन लहान करायचं असेल तर ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा, आधी फास्ट स्टार्टअप बंद करून. बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय डिस्कला हात लावू नका.

होम वेगळं काढणं

सगळं एकाच पार्टिशनमध्ये असेल तर रूटची उजवी कड आत घेऊन मोकळ्या जागेत एक ईएक्सटी४ पार्टिशन करा, लेबल द्या. पुढचं काम लाइव्ह यूएसबीवरूनच केलेलं बरं, म्हणजे होममधली कुठलीही फाइल उघडी राहत नाही.

जुना रूट आणि नवं पार्टिशन, दोन्ही माउंट करा आणि ‘सुडो आरसिंक’ने कॉपी करा. पर्याय चार: छोटा ए, मोठा ए, मोठा एक्स, मोठा एच. यांनी मालकी, परवानग्या, विस्तारित गुणधर्म आणि हार्डलिंक शाबूत राहतात. जुन्या होमच्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ द्यायलाच हवी. ती राहिली तर नव्या पार्टिशनमध्ये ‘होम’ नावाचं फोल्डर तयार होतं आणि तुमचं सामान होमच्या आतल्या होममध्ये जाऊन बसतं.

कॉपी झाली की जुन्या रूटमधल्या होम फोल्डरचं नाव बदलून ‘होम-जुनं’ करा, त्याच्या जागी रिकामं होम फोल्डर बनवा आणि /इटीसी/एफस्टॅबमध्ये (बूटच्या वेळी काय कुठे जोडायचं त्याची यादी) एक ओळ वाढवा. तिच्यात सहा रकाने असतात. पहिल्यात ‘यूयूआयडी=’ (मोठ्या अक्षरांत) आणि पुढे तो लांबलचक क्रमांक (‘बीएलकेआयडी’ने मिळतो, हाताने टाइप करू नका, कॉपी करा). दुसऱ्यात /होम, तिसऱ्यात ईएक्सटी४, चौथ्यात डीफॉल्ट्स, पाचव्यात ०, सहाव्यात २. हा शेवटचा आकडा बूटच्या वेळी फाइल सिस्टिम तपासण्याचा क्रम: रूटला १, बाकीच्यांना २, तपासणी नको असेल तर ०.

नाव बदलण्याची पायरी मी पहिल्यांदा गाळली होती. होम कॉपी केलं, एफस्टॅबमध्ये ओळ घातली, मशीन सुरू झालं, फाइली दिसल्या, खूश झालो. पण रूट भरलेला तो भरलेलाच. ‘डीएफ’ म्हणे ७० जीबी वापरात, आणि ‘डीयू’ने फोल्डर मोजावी तर बेरीज १४ च्या पुढे जाईना. दोन संध्याकाळी मी नोंदी पुसत, कॅशे रिकाम्या करत बसलो. शेवटी उजेड पडला: नवं होम जुन्या होमच्या अंगावर माउंट झालं होतं आणि जुनं खाली जसंच्या तसं होतं. सतरंजीखाली राहिलेल्या वस्तूसारखं, जागा अडवणारं पण न दिसणारं. ‘सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी’ केलं तेव्हा /एमएनटी/होममध्ये ते सगळं सापडलं. तेव्हापासून मी आधी नाव बदलतो, आठवडाभर नव्या होमवर काम करतो आणि मगच जुनं पुसतो.

दोन रूट: थोडी जागा, भरपूर निवांतपणा

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. डिस्क २५० जीबी किंवा जास्त असेल तर ५० जीबीचा दुसरा रूट काढून ठेवा. आज सिस्टिम पहिल्या रूटवर आहे. नवी आवृत्ती आली की ती दुसऱ्यावर घाला. जुनी जशीच्या तशी चालू राहते. नवीन आवृत्तीत प्रिंटर चालला नाही, एखादा प्रोग्राम बिनसला, तर रीस्टार्ट करून जुन्यात या आणि काम उरका. सगळं जमलं की जुना रूट रिकामा समजा. पुढची आवृत्ती त्यावर.

यात चार खाचखळगे आहेत.

एक: दोन्ही सिस्टिमना एकच होम देऊ नका. नव्या आवृत्तीतले प्रोग्राम लपलेल्या सेटिंग फाइली नव्या पद्धतीने लिहून ठेवतात आणि जुन्यात परत आलात की जुने प्रोग्राम गोंधळतात. फायरफॉक्स तर नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला सरळ नकार देतो. म्हणून दोन रूटवाल्यांसाठी मी ‘वेगळं होम’ऐवजी ‘वेगळा डेटा’ सुचवतो. होम ज्या-त्या रूटमध्ये राहू द्या. फोटो, कागदपत्रं, डाउनलोड ही जड फोल्डरं /डेटावर ठेवा आणि दोन्ही होममध्ये बाइंड माउंटने (तेच फोल्डर दुसऱ्या ठिकाणीही दाखवून) जोडा. सिमलिंकही (शॉर्टकटसारखे दुवे) चालतात, पण स्नॅपमधले प्रोग्राम सहसा होमच्या बाहेर डोकावू शकत नाहीत, त्यामुळे सिमलिंकपलीकडची फाइल त्यांना उघडत नाही. बाइंड माउंटला ती अडचण नाही.

दोन: वापरकर्त्याचा क्रमांक. लिनक्सला तुमचं नाव नव्हे, क्रमांक ठाऊक असतो. ‘आयडी’ आज्ञा दिली की यूआयडी दिसतो. डेबियन, उबुंटू, फेडोरात पहिल्या वापरकर्त्याला १००० मिळतो. घरात दोन-तीन खाती असतील तर नव्या सिस्टिममध्ये ती त्याच क्रमाने तयार करा, नाहीतर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसतील.

तीन: एकाच डिस्ट्रोच्या दोन आवृत्त्या ईएफआय पार्टिशनमध्ये एकच फोल्डर वापरतात. उबुंटू दोनदा घातलं तर दोघांचा बूटलोडर ‘उबुंटू’ याच फोल्डरमध्ये जातो आणि शेवटी ज्याने लिहिलं त्याचा मेनू दिसतो. जुन्या सिस्टिममध्ये ग्रबचं अपडेट आलं की मेनू पुन्हा तिच्या ताब्यात जातो. घाबरायचं कारण नाही, हव्या त्या सिस्टिममध्ये जाऊन ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ केलं की झालं. पण ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. दुसरी सिस्टिम मेनूत दिसत नसेल तर /इटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घाला (बरोबरीच्या चिन्हाआधीचं सगळं मोठ्या अक्षरांत) आणि पुन्हा ‘अपडेट-ग्रब’ करा.

चार: डेटाचं पार्टिशन जुन्या सिस्टिमच्या साधनांनी तयार करा. ईएक्सटी४ची साधनं १.४७ आवृत्तीपासून नवीन पार्टिशनमध्ये काही नवी वैशिष्ट्यं आपोआप चालू करतात. जुन्या सिस्टिममधल्या तपासणीच्या साधनाला ती कळत नाहीत. ‘फीचर_सी१२’ असा काहीतरी निरोप देऊन ते अडून बसतं. जुन्याने केलेलं नव्याला चालतं, उलटं नेहमी चालेलच असं नाही.

आता तो पडदा

इन्स्टॉलर सुरू करा. ‘अख्खी डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय सगळ्यात वर आणि सगळ्यात सोपा दिसतो. तो आपला नव्हे. ‘स्वतः ठरवा’, ‘मॅन्युअल’, ‘कस्टम’ अशा नावाचा पर्याय निवडा. मग कागद समोर ठेवून एकेक पार्टिशन घ्या.

ईएफआय: आहे ते निवडा, माउंट /बूट/ईएफआय, फॉरमॅट नाही.

नवा रूट: ईएक्सटी४, माउंट तिरपी रेघ, फॉरमॅट होय. फॉरमॅटची टिक फक्त या एकाच ठिकाणी.

जुना रूट: हातच लावू नका.

डेटा किंवा वेगळं होम: माउंटचा पत्ता द्या, फॉरमॅट नाही. प्रकार म्हणून आत्ता आहे तोच ठेवा. प्रकार बदलला की काही इन्स्टॉलर फॉरमॅटची टिक आपोआप लावतात. मनात धाकधूक असेल तर डेटा इथे जोडूच नका. इन्स्टॉल झाल्यावर एफस्टॅबमध्ये ओळ घालून जोडता येतो. मी स्वतः असंच करतो.

स्वॅप पार्टिशन असेल तर ‘वापरू नका’ म्हणा. इन्स्टॉलरने ते नव्याने फॉरमॅट केलं की त्याचा यूयूआयडी बदलतो आणि जुनी सिस्टिम दर बूटला त्या हरवलेल्या स्वॅपची वाट पाहत दीड मिनिट थांबते.

बूटलोडर कुठे बसवायचा असं विचारलं तर पार्टिशन नव्हे, डिस्क निवडा, आणि लाइव्ह यूएसबीची नव्हे, आतली. ‘लागू करा’ दाबण्याआधी इन्स्टॉलर बदलांची यादी दाखवतो. तिच्यात ‘फॉरमॅट होणार’ असं लिहिलेली पार्टिशनं मोजा. एकापेक्षा जास्त असतील तर मागे जा.

पहिल्या बूटनंतर

‘एलएसबीएलके -एफ’ पुन्हा चालवा आणि कागदाशी ताडून पाहा. एफस्टॅबमध्ये डेटाची ओळ घालताना चौथ्या रकान्यात ‘डीफॉल्ट्स,नोफेल’ लिहा. ‘नोफेल’ असलं की ते पार्टिशन कधी सापडलं नाही तरी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये न अडकता सुरू होतं. ओळ घातल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. आधी ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा, मग ‘सुडो माउंट -ए’. काही चुकलं असेल तर तिथेच कळतं.

आणि चूक राहून मशीन काळ्या पडद्यावर अडकलंच, तर लाइव्ह यूएसबी लावा, रूट माउंट करा, एफस्टॅबमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह घाला आणि परत बूट करा. डेटा जागेवरच असतो, फक्त पत्ता चुकलेला असतो.

जुना रूट कधी पुसायचा? मी निदान महिनाभर थांबतो. त्या महिन्यात कधीतरी एखादी विसरलेली सेटिंग आठवते, एखादी क्रॉनची ओळ, एखादा फॉन्ट, आणि मग जुना रूट माउंट करून ती तिथून उचलता येते. माझ्या मशीनवरचा सध्याचा जुना रूट तर चार महिने तसाच पडून आहे. त्याचं लेबल मी ‘पुढचा’ असं बदलून ठेवलंय.